ताईच्या रोपट्याला पाणी कोणी घातलं

मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. कॉलेजात असताना संघटनेत गेले, तिथला पहिला धडा असा: पहिल्या ओळीला वाचणाऱ्याचा पाय थांबला पाहिजे आणि दुसऱ्या ओळीत त्याला दोषी दिसला पाहिजे. दोषी नसलेलं पत्रक म्हणजे लग्नपत्रिका. गेली चार वर्षं मी नागपुरातल्या खाजगी क्लासवाल्यांच्या फीविरुद्ध पत्रकं लिहिते आणि त्यांच्याच दारात उभी राहून वाटते. त्यामुळे घरात काहीही घ्यायचं झालं की मला विचारतात. कुकर असो की मोबाईलचा प्लॅन, आई म्हणते, "हिले विचारा, हिले सगळे चोर माहीत आहेत."

ताईनंही मलाच विचारलं. ताई नर्स आहे, एका खाजगी हॉस्पिटलात, कंत्राटावर. दरवर्षी कंत्राट संपतं, दरवर्षी ती नव्यानं अर्ज करते. जर्मनीत नर्स हव्या आहेत असं तिला एका एजंटाकडून कळलं. अट एकच, जर्मन बोलता यायला हवं आणि व्हिडिओवर मुलाखत द्यायला हवी. सीताबर्डीवरच्या क्लासची फी तिच्या चार पगारांएवढी. हिंदीतून जर्मन शिकवणारं एक ॲप होतं, त्याचं वर्षाचं पॅकेज अर्ध्या पगारात. जाहिरातीत लिहिलं होतं, रोज पंधरा मिनिटं द्या, सहा महिन्यांत मुलाखतीला तयार व्हा.

"पैसे वसूल होतील का, तेवढं सांग," ताई म्हणाली. "दोन्ही करून पाहणं मले परवडत नाई."

मी सात दिवस फुकटातलं ॲप वापरलं. तपासलं काय? पैसे आपोआप कापतात का, रद्द करता येतं का, अटी बारीक अक्षरात लपवल्यात का. सगळं ठीक निघालं. सातव्या दिवशी माझ्या तोंडून जर्मनचं एक तरी वाक्य निघतं का, हे मात्र तपासलंच नाही. खरं सांगायचं तर माझा निकाल आधीच लागला होता. क्लासवाल्याकडे पैसा जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

"घे," मी म्हणाले. "क्लासवाल्याच्या घशात घालण्यापेक्षा बरं."

हॉस्पिटलात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून ॲप घरच्या टॅबवर टाकलं. त्यात एक रोपटं होतं. रोज एक धडा केला की त्याला पाणी मिळतं आणि नवं पान फुटतं. नाही केला तर संध्याकाळी पाचपासून ते मान टाकतं, टॅब थरथरतो, आणि पडद्यावर येतं, 'तुमचं रोप तहानलं आहे.' एक दिवस चुकला की सगळं झाड गेलं, परत बी.

असलं काही नागपुरात दाखवू नये. आमच्याकडे मे महिन्यात माणूस गावाला निघाला की आधी कुंड्या शेजाऱ्याच्या हवाली करतो आणि मग कुलूप लावतो. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्याही झाडांना पाणी घातलं जातं. भांडण माणसाशी, मोगऱ्यानं काय केलं? आईनं तर वरच्या मजल्यावरच्यांच्या अकरा कुंड्या सलग दोन उन्हाळे जगवल्यात.

पहिले दोन महिने ताईनं मन लावून केलं. मग हॉस्पिटलातल्या दोघी काम सोडून गेल्या आणि उरलेल्यांच्या डोक्यावर डबल ड्युटी आली. एका दुपारी ताई आली ती युनिफॉर्मसकटच झोपली. पाच वाजता टॅब थरथरला.

"सुकून राहिलं वं हे," आई म्हणाली. "तू कर ना थोडंसं."

"मले कुठं जर्मन येते?"

"मले तरी कुठं येते? बोट तर लावायचं आहे. चुकलं की तेच सांगते."

मी बोट लावलं. चार उत्तरांतलं एक निवडायचं, चुकलं की दुसरं. रोपट्यानं मान वर केली. पुढच्या वेळी मी निदर्शनाला गेले होते, तेव्हा आईनं लावलं. मग ते आईचंच काम झालं. वरणाला फोडणी दिली की टॅब पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि धडा करायचा. आईला मनात वाचता येत नाही. वर्तमानपत्र असो की विजेचं बिल, ती मोठ्यानंच वाचते. जर्मनही तसंच, ओट्यापाशी, खणखणीत. ताई उठली की विचारायची, "घातलं का पाणी?" आई म्हणायची, "घातलं, तू जेव."

सहा महिन्यांनी झाड एवढं डेरेदार झालं की पडद्यात मावेना. ॲपनं प्रमाणपत्र दिलं, मुलाखतीसाठी तयार. बाबांनी त्याची प्रिंट आपण कामाला असलेल्या हिंगण्याच्या कंपनीत नेऊन सगळ्यांना दाखवली.

मुलाखत शनिवारी दुपारी होती. आवाज नको म्हणून कूलर बंद केला. मी भिंतीशी बसले, आई स्वयंपाकघराच्या दारात. पडद्यावरची बाई हसरी होती, सावकाश बोलत होती. ताईनं पाठ केलेली ओळख धडाधड सांगितली. मग बाईनं काहीतरी विचारलं. ताई म्हणाली, "या," म्हणजे हो. बाईनं तेच पुन्हा, आणखी सावकाश विचारलं. ताईची नजर पडद्याच्या खालच्या बाजूला गेली. ॲपमध्ये तिथं चार उत्तरं येतात. तिथं काहीच नव्हतं. घाम तिच्या कानामागून गळ्यात उतरत होता. ती नजर माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

आठ मिनिटांत संपलं. तासाभरात एजंटाचा निरोप आला, भाषा कमी पडते, चार महिन्यांनी पुन्हा एक संधी, शेवटची.

कूलर परत सुरू केला. मग आई हळूच म्हणाली, "ती बाई म्हणे ना, म्हातारा पेशंट कण्हून राहिला तर त्याले काय विचारशील? कुठं दुखते, एवढंच विचारायचं होतं. वो टुट एस वे."

ताई वळली. "तुले समजलं?"

"थोडंसं."

"मले नाई समजलं, अन् तुले समजलं?"

आई पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'सहा महिन्यांत तयार करणाऱ्यांनो, तयार केलंत कोणाला?' बोट कोणाचं आहे ते न बघता प्रमाणपत्र देता. सुकलेलं रोप दाखवून माणसाला शिकण्याच्या नव्हे, हजेरीच्या मागे पळवता. तोंड उघडायला न लावता भाषा विकता. यातला प्रत्येक शब्द खरा होता, आजही आहे. मी ते ताईला दाखवलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं.

"चांगलं लिहिलं. पण पाणी कोण घालत होतं, ते कुठं आहे यात?"

"ते महत्त्वाचं नाई."

"वा वं पुढारी! अन् सात दिवस तपासून 'घे' कोण म्हणालं होतं, तेही महत्त्वाचं नाई?" ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मीही नाई यात. मी झोपून राहिली होती, अन् ते वाढून राहिलं म्हणून मले बरंही वाटत होतं."

पत्रक छापलं नाही. ॲपवाल्या कंपनीला माफ केलं म्हणून नाही. कंपनीचं नाव तेवढं ठेवून आमची तिघींची खोडायची, हे मला जमेना.

पॅकेजचे सहा महिने उरले होते. ताईनं पुन्हा विचारलं, "आता सांग, ठेवू का काढून टाकू?" आई त्याच ॲपवर शिकली, मग ते वाईट कसं म्हणू? आणि जिला गरज होती ती कोरडी राहिली, मग चांगलं कसं म्हणू?

ताईनं माझी वाट पाहिली नाही. तिनं टॅब घेतला आणि 'पुन्हा बीपासून' दाबलं.

"एवढं मोठं झाड वं!" आई कळवळली.

"ते तुझं झाड होतं, आई. आता याले कोणी हात लावायचा नाई."

आता ती स्वतः करते, आईसारखं मोठ्यानं. सुट्टीच्या दिवशी आई खाटेवर पेशंट होऊन कण्हते आणि ताई जर्मनमध्ये चौकशी करते. आई प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर देते. "पेशंट एवढा हुशार नसते वं," ताई चिडते, आणि मग दोघी हसतात.

पण ड्युटी तीच आहे. मधे दोनदा दिवस चुकला, दोनदा झाड गेलं, दोनदा तिनं परत बीपासून सुरू केलं. परवा दुपारी ती आली, तशीच झोपली. पाच वाजता टॅब थरथरला. मुलाखतीला तीन आठवडे राहिले आहेत. आई ओट्यापासून आली आणि उभी राहिली.

"चांगली नऊ पानं आली होती त्याले."

"हात लावू नको."

"तिले उठवू का?"

मी ताई झोपली होती त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सोळा तास उभी होती ती. उठवलं तर अर्ध्या झोपेत बोट लावेल, म्हणजे पुन्हा तेच. नाही उठवलं तर बी.

"मले बघवत नाई," आई म्हणाली.

"मग नको बघू."

तिनं ओट्यावरची परात उचलली आणि टॅबवर उपडी घातली. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. परातीखाली ती थरथर आणखीच मोठी ऐकू येत होती.