पालथा पडलेला कागद

नकाशेबाईंच्या निवृत्तीला अठरा दिवस उरले होते आणि त्यांना खुर्चीत धड पाच मिनिटं बसवत नव्हतं.

राजधानीच्या नगररचना खात्यात त्यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. "बाईंची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची," असं साहेब लोक म्हणत. सोमवारी खण रिकामा करताना तळाशी संसदेसमोरच्या भुयारी गटाराचं जुनं ट्रेसिंग, पारदर्शक कागदावरचं रेखाटन, सापडलं. सहज खिडकीच्या काचेवर मुख्य नकाशाशी जुळवून धरलं आणि लक्षात आलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मुख्य नकाशावर गिरवताना हा कागद त्यांनी पालथा ठेवला होता! अक्षरं घातलेली नव्हती, रस्ता सरळ, टोकं चपखल जुळली. पूर्वेचं गटार पश्चिमेला गेलं. संसदेसमोर खोदायची परवानगी कुणालाच मिळत नसल्यामुळे चूक झाकून राहिली.

आता मात्र दुसऱ्या देशाच्या राजधानीशी करार झाला होता. तिथले तज्ज्ञ येऊन भुयारी मार्ग आखत होते. नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या पूर्वेकडून. गुरुवारी आराखड्यावर सह्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा म्हणाला. "जाता जाता कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"अहो, माणसं उतरणार आहेत तिथं खोदायला."

"मोजूनच खोदतील ना?"

"माझ्याच नकाशावरून मोजतील!"

बाहेर शेजाऱ्यांच्या नव्या भिंतीसाठी विटा उतरत होत्या. बाईंनी भाजीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, तेव्हा त्यांना कळलं, हाही धास्तावलाय.

गुरुवारी बाईंचं काम एवढंच, की नकाशा टेबलावर पसरायचा आणि बाहेर जायचं. त्या गेल्या नाहीत.

"झालं ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. चुकलंय. माझ्याकडून."

त्यांनी ट्रेसिंग नकाशावर ठेवलं. आधी सुलट, मग पालथं. दुभाष्या सांगता सांगता मध्येच थांबला आणि साहेबांकडे बघायला लागला.

"हे पाहुण्यांसमोर काढायचं होतं का?" साहेब दातओठ खात म्हणाले.

"पाहुणेच खोदणार आहेत ना, साहेब?"

पाहुण्यांच्या प्रमुख, पिकल्या केसांच्या बाई, उठून आल्या. त्यांनी कागद स्वतः उलटून पाहिला, पेनाला टोपण लावलं आणि काहीतरी विचारलं.

दुभाष्या म्हणाला, "त्या विचारताहेत, त्या आठवड्यात आणखी कोणते कागद गिरवले होते?"

हे काही नकाशेबाईंच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी धावत जाऊन जुनी नोंदवही आणली. अकरा कागद! साहेबांनी डोकं धरलं.

संध्याकाळी नवरा दारातच उभा. "कामावरून काढलं का गं?"

"काढतील कशाला? निवृत्तीच अडवलीय. अकरा कागद तपासल्याशिवाय सुटका नाही म्हणाले."

"चला, थोडक्यात निभावलं!"

"कसलं निभावलंय? त्यातला तिसरा आपल्याच गल्लीतल्या गॅसच्या नळाचा आहे. शेजारी भिंतीचा पाया कधी खणताहेत?"

"उद्या सकाळी."

बाईंनी चपला काढल्याच नाहीत. तशाच वळल्या आणि शेजाऱ्यांच्या बेलवर बोट ठेवलं, ते दार उघडेपर्यंत उचललं नाही.