तीन ग्लासांपैकी वेगळा

नळवाले,

बिअरचं दुकान काढून तुम्हाला नऊ वर्षं झाली, तरी मी तुम्हाला नळवालेच म्हणणार. माझ्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा पाइपवर पान्हा आपटून म्हणाला होतात, "बाई, हा आतून कुजलाय. म्हणाल तर वरून टेप गुंडाळतो, पण मग आठ दिवसांनी मला शिव्या द्याल." त्या एका वाक्यावर मी तुम्हाला आपलं मानलं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पस्तीस वर्षांत इतकं सरळ वाक्य माझ्या कानावर पडलं नव्हतं.

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने पान्हा ठेवून बिअर गाळायला घेतली, याचं गल्लीला कोण नवल! तुमची बायको तर म्हणाली, "जन्मभर लोकांचं गळणं थांबवलं, आता लोकांच्या नरड्यात ओतणार." पण मागच्या खोलीतली सहा पिंपं, त्यांची सगळी जोडणी तुमच्या हातची, कुठे थेंब म्हणून गळत नसे. पुढे लाकडी फळी. शनिवारी दुपारी तिच्यावर चार छोटे ग्लास यायचे: गव्हाची फिकट, हॉप्सच्या फुलांची कडू, मग आंबट आणि शेवटी काळी. ओतताना तुम्ही बाटलीला कान लावायचात, पाइपात हवा अडकली की लावायचात तसा.

तीन ग्लासांची परीक्षा मात्र माझी. रसायनशास्त्र शिकवलेली बाई, गप्प बसवेना. तीन ग्लास भरायचे, दोन जुन्या पिंपातले, एक नव्यातला. वेगळा कोणता ते वासा-चवीवरून ओळखायचं. ओळखता आला, की नव्या पिंपात काय बदललं ते तुम्ही शोधायचात. "बाई, तुमचं नाक हे माझं मीटर," असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. बाटलीवरच्या चिठ्ठीवर वास-चव सांगणाऱ्या चार ओळीही माझ्याच.

मग मला तो ताप आला. पंधरा दिवसांनी उठले तर चहाला वास नाही. मी चहा बदलला. तीनदा बदलला. वाण्याला भेसळखोर म्हणाले. स्वतःच्या नाकाचा संशय येईना, कारण शनिवारी तुमच्याकडे मी तीन ग्लास हुंगायची, जिभेने अदमास बांधायची, एक पुढे सरकवायची आणि तुम्ही म्हणायचात, "बरोब्बर, बाई!" आठ महिने. एकदाही चुकले नाही.

गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण सोबत आली. जन्मात बिअर न प्यालेली. तिन्ही ग्लासांतून एकेक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"ताई, तिन्ही एकच तर आहेत!"

"तुला काय कळतंय? गप बस," मी म्हटलं आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही कोरडी फळी पुसत होतात. फक्त आंबट पिणारे आपले आंबटराव छताकडे बघत होते. तापानंतर गव्हाच्या बिअरच्या चिठ्ठीवर मी लवंग आणि पिकलं केळं लिहिलं, तेव्हा याच आंबटरावांनी विचारलं होतं, "यात केळं कुठाय हो?" आणि तुम्ही "प्या मुकाट्याने" म्हणून त्यांना झापलं होतं. मला वाटलं, माझी बाजू घेताय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापानंतरच्या पहिल्याच शनिवारी चुकलात, बाई. माझी सांगायची छाती झाली नाही."

"म्हणून तिन्ही एकाच पिंपातले?"

"म्हणजे कुठलाही उचला, चूक असं नसायचंच."

"आणि खरी परीक्षा कोण करत होतं?"

"शुक्रवारी... आंबटराव."

तुमची बायको आतून ओरडली, "मी ह्यांना शंभरदा म्हटलं, बाईंना सांगून टाका!" म्हणजे तिलाही ठाऊक. अख्ख्या दुकानाला ठाऊक. दर शनिवारी माझा खेळ लावून सगळे भोवती बसत होतात.

"आठ महिने मला टेप गुंडाळत होतात," एवढंच मी म्हटलं आणि निघाले.

वाईट हेतू नव्हता, हे मला सांगायला येऊ नका. वर्गातल्या एकाही पोराला मी दयेचे मार्क दिले नाहीत. मला ते देणारे तुम्ही कोण? केसाने गळा कापलात. डॉक्टर म्हणाला, ताप गेल्यागेल्या आला असतात तर वासांचा सराव देऊन काही परत मिळवता आलं असतं, आता सांगता येत नाही. "इतके दिवस कुठे होता?" म्हणाला. तुमचं "बरोब्बर" ऐकत होते, दुसरं काय!

त्याच दुपारी, बहिणीने तोंड उघडायच्या आधी, तुम्ही नव्या काळ्या बिअरची बाटली आणि कोरी चिठ्ठी माझ्या पिशवीत घातली होतीत. "सोमवारपर्यंत चार ओळी, बाई." तुमच्या बायकोचा निरोप आला की बाटल्या चिठ्ठीवाचून पडून आहेत, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेत नाही.

काळी आहे हे डोळ्यांना दिसतं, कडू आहे इतकं माझी जीभ अजून सांगेल. म्हणजे एक ओळ झाली. बाटली कपाटात आहे, बूच काढलेलं नाही. चिठ्ठी तिच्या खाली, कोरी.