छापील सहीचा चेक

आमच्या सोसायटीच्या टपालपेटीत हल्ली कर्जाच्या जाहिराती आणि क्लासवाल्यांची पत्रकं याशिवाय काही येत नाही. त्यामुळे बाबांच्या नावाचं जाड पाकीट आलं, तेव्हा तेही मी जिन्यातच फाडून टाकणार होते. आत चेक होता. बाबांच्याच नावाचा, एखादा बरा फ्रीज येईल एवढ्या रकमेचा. सोबत इंग्रजीत पत्र होतं: कंपनी बुडाली, तिची मालमत्ता विकली गेली, जुन्या ठेवीदारांना त्यातून जे काही देता येतंय ते देत आहोत.

आई गेल्यापासून बाबा कोथरूडला माझ्याकडे राहतात. त्यांची सगळी नोकरी बँकेत झाली, आणि त्यातली बरीचशी चेक पास करण्याच्या टेबलावर. चेकवरची सही खातेदाराच्या नमुना सहीशी ताडून बघायची आणि पैसे द्यायचे की चेक परत पाठवायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. एकदा एका बड्या व्यापाऱ्याचा चेक त्यांनी अडवून ठेवला, त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सही खोटी निघाली. ही हकीकत आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की ती सुरू झाली की आई उठून कुकर लावून यायची.

चेक हातात घेतल्यावर बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी तो खिडकीशी नेला, उजेडात धरला, अंगठ्याने कागद चोळला, उलटा करून बघितला. मग चष्मा काढून म्हणाले, "बोगस आहे."

"कशावरून?"

"सही छापील आहे. शाईचा पत्ता नाही. आणि असल्या कंपनीत मी आयुष्यात दमडी ठेवलेली नाही. आता बघ, उद्या कुणीतरी फोन करेल. साहेब, चुकून जास्त रक्कम गेली, तेवढी परत पाठवा. आपण भाबडेपणाने पाठवायची, आणि मग हा चेक परत यायचा. त्या पत्रावरच्या नंबराला फोन करू नकोस हं. त्यांचाच माणूस उचलणार."

मी नुसती ऐकत राहिले. एवढं सलग, एवढं नीट बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला फार फार बरं वाटलं.

कारण ते वर्ष वाईट गेलं होतं. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले गेले. मंडईत जातो म्हणून निघाले ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हडपसरला बसमधून उतरले आणि तिथेच उभे राहिले; एका रिक्षावाल्याने त्यांच्या खिशातली चिठ्ठी बघून मला फोन केला. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर बाबांनी सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, पैशांचे व्यवहार आता यांच्या हाती ठेवू नका. पण पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. माझं नाव घालू या म्हटलं की, "मी गेल्यावर घाल." मी काही सोशिक बाई नाही. एकदा कामवाल्या मावशींच्या देखत मी त्यांना बोलले, "सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, आणि खातं सांभाळायला निघालात!" ते वाक्य मला अजून टोचतं.

तर हा चेक म्हणजे माझ्या दृष्टीने डॉक्टरांच्या मताविरुद्धचं अपील होतं. तो परत आला, तर बाबांचं डोकं शाबूत आहे. मग ते घड्याळ गेलं खड्ड्यात. बाबा तर पैजेवरच आले होते. "भर खुशाल बँकेत. परत नाही आला तर नाव लावणार नाही!" माळ्यावर आईची ट्रंक आहे, तिच्यात सगळ्या जुन्या ठेवींच्या पावत्या आहेत. शिडी लावली असती तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. मी शिडी लावली नाही. बँकेत जाऊन चेक भरला, आणि घरी येऊन देवापुढे निरांजन लावलं. चेक परत यावा म्हणून देवाला साकडं घालणारी अख्ख्या कोथरूडात मी एकटीच असेन.

बाबांच्या खात्याचे मेसेज माझ्या फोनवर येतात. मी गवार निवडून घेत होते तेव्हा फोन वाजला. रक्कम जमा झाली होती. पुन्हा वाचलं. भाजीवाली म्हणाली, "ताई, घ्यायची का नुसती धरून ठेवायची?" मी तिच्यावर उगाच खेकसले आणि गवार न घेताच निघाले.

बाबा दारातच उभे होते. "काय झालं?"

"परत आला," मी म्हणाले.

ते हसले. तसे ते हल्ली हसत नाहीत. लगेच जिना उतरून वॉचमनला सांगून आले, मग समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना. "छापील सही! मला दाखवतायत!" रात्री कढी दोनदा मागून घेतली. पुढचे दोन दिवस घरात माझे जुने बाबा होते, आणि मी निर्लज्जासारखी त्यात सुखी होते. काकूंना मीही म्हणाले, "बाबांची नजर ना, अजून तशीच आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मेमो दाखव."

"कसला?"

"चेक परत आला की बँक त्यासोबत मेमो देते. परतीचं कारण त्याच्यावर लिहिलेलं असतं. काय लिहिलंय ते बघू दे."

"तो बँकेतच राहिला."

"असं कसं? चेक आणि मेमो, दोन्ही खातेदाराला द्यावे लागतात. बँकेला ठेवून घेता येत नाहीत." त्यांनी कप खाली ठेवला. आवाज अगदी शांत होता, काउंटरपलीकडच्या माणसाला समजावून सांगावं तसा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी बशीकडे.

"पास झाला ना?"

"हो."

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते म्हणाले, "म्हणजे पैसे ठेवले होते मी."

"असतील. किती वर्षं झाली त्याला. कुणालाही आठवणार नाही, बाबा."

"मला आठवायचं," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. खोटं बोलले म्हणून नाही. माझं खोटं त्यांनी बरोबर पकडलं होतं, आणि तरी त्यांचं जे हातून निसटत होतं त्यातलं मला काहीच वाचवता येणार नव्हतं, म्हणून.

दुपारी ते टेबलाशी बसले होते. पुढ्यात पेन्शनच्या खात्याचं चेकबुक. मी जवळ गेले. ना नाव, ना रक्कम, ना तारीख. प्रत्येक पानावर खाली नुसती सही. शेवटचं पान राहिलं होतं, तेही त्यांनी सावकाश, जीभ दातांत धरून पूर्ण केलं. कोऱ्या चेकवर सही करणाऱ्या माणसांना त्यांनी नोकरीभर काउंटरवर फैलावर घेतलं होतं.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"आज सही येतेय," ते म्हणाले. "करून ठेवली सगळी. तू घे." आणि चेकबुक माझ्याकडे सरकवलं.

मी नको म्हणायला हवं होतं. मी ते घेतलं.