पायलची परात

लग्न होऊन उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आल्यावर पहिल्याच सकाळी यशोधराला कळलं, की या घरातली सगळी भांडी दुसरीच्याच नावाची आहेत. परातीवर ‘सौ. पायल’, कळशीवर ‘सौ. पायल’. सांडशीवर जागा पुरली नाही म्हणून नुसतं ‘पाय’.

पायल बदलापूरची. तिचा महेंद्रशी साखरपुडा झाला आणि यशोधराच्या सासूबाई, गयाबाई, यांनी उत्साहाच्या भरात भांड्यांवर नावं घालून घेतली. मग पायलनं नकार कळवला. भांड्यांना कोण कळवणार?

“तू नाव बदल,” गयाबाई म्हणाल्या. “लग्नात बदलतातच की. रविवारी पाहुण्यांसमोर सांगून टाकू.”

“आई, माझं नाव बाबांनी ठेवलंय.”

“मग मी कुठं पुसतेय? माहेरी गेलीस की वापर!”

“अहो, तुम्ही तरी बोला,” यशोधरा नवऱ्याला म्हणाली.

“पायल... वाईट नाहीये,” महेंद्र म्हणाला आणि उगाच लाजला.

यशोधरा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. त्याच आठवड्यात तिथल्या सर्व्हरच्या डिस्क कुरकुरायला लागल्या. दोन डिस्कची जोडी, दोघींवर तोच मजकूर, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. तिनं नवी जोडी बसवली, सगळं उतरवून घेतलं आणि मशीन चालू केलं. मशीन अडून बसलं.

“माल अंदर है ना? मग आता काय रुसलं?” कारखान्याचे मालक जयदेवसाहेब यांनी विचारलं.

“माल तोच आहे साहेब, पण नव्या जोडीला तिची स्वतःची ओळख मिळालीय. हा एवढा लांब नंबर. मशीन जुन्या नंबरची वाट बघतंय, सगळीकडे तोच लिहिलाय ना.”

“तो बदल डाल सब जगह!”

“कशाला? नव्या जोडीलाच जुना नंबर देते.”

दिला. मशीन गुमान उठलं. त्या रात्री जेवताना तिनं हे सगळं रंगवून सांगितलं, आणि गयाबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

“म्हणजे जागोजागचं नाव खोडत बसायचं नाही? नवीन आलेल्यालाच जुनं नाव द्यायचं?”

“हो ना, एकदम सोप्पं...” म्हणता म्हणता यशोधरानं जीभ चावली.

“ऐकलंस रे महेंद्र? कंपनीत पण असंच करतात!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाईंनी दणदणीत हाक मारली, “पायल! परात आण गं!”

यशोधरा उठायच्या आत आतल्या खोलीतून महेंद्र धावत आला. शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला, दारात जाऊन गल्लीत डोकावला. “कुठंय?”



“आई,” यशोधरा हळूच म्हणाली, “काल एक सांगायचं राहिलं. जुनी जोडी मी आधी काढून कपाटात ठेवली होती. एका नावाच्या दोन राहिल्या, तर मशीन कुठली उठवेल याचा नेम नसतो.”

गयाबाईंनी दारातल्या लेकाकडे पाहिलं. “जुनीच उठवली की गं यानं!”

पायलचं लग्न बदलापुरातच ठरलं होतं. शनिवारी गयाबाईंनी भांड्यांचं बोचकं बांधलं. आहेर म्हणून झकास, नाव तर घातलेलंच होतं.

“जड आहे, मी येतो सोडायला,” महेंद्र म्हणाला.

“तू बस खाली!”

सांडशीवर नाव अर्धंच होतं, म्हणून ती तेवढी घरात राहिली. रविवारी शेजारून भांडी उसनी आणली, पाहुणे ताटावर बसले आणि चुलीवरचं पातेलं उतू जायला लागलं.

“यशोधरा!” गयाबाई ओरडल्या. “पाय आण गं, पाय!”

पाहुण्यांनी घाईघाईनं आपापले पाय जवळ घेतले.