मामाची माफी आणि फुटलेला टायर

गर्दीत माझ्या मामाच्या पायावर कोणी पाय दिला, तर मामाच म्हणतो, "माझंच चुकलं." तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. फ्रेम गिऱ्हाइकाच्या हातून मोडते आणि माफी हा मागतो. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या दिवशी उतारावर त्याच्या मोटरसायकलचा मागचा टायर फुटला. मागे मामी बसली होती. तिचा पाय मोडला. पोलिसांनी विचारलं, तर रस्त्यात फतकल मारून बसलेला हा देवमाणूस म्हणाला, "माझंच चुकलं." त्यांना काय, आयतंच मिळालं. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा मामावर लागला.

टायर नुकताच नवा म्हणून घेतलेला! मेकॅनिकनं त्याच्या कडेवरचा आकडा दाखवला. त्यावरून टायर बनून सात वर्षं झाली होती. गोदामात सुकून भेगाळलेल्या रबराला काळं पॉलिश फासून दुकानदारानं तो आमच्या गळ्यात मारला होता. वकीलबाईंनी बजावलं, "दुकानदाराला जबाबदार धरायचं तर पुरावा एवढाच. टायर जपा."

मग एका संध्याकाळी तोच दुकानदार कोरा टायर घेऊन घरी आला.

"काका, तुमचं नुकसान बघवेना हो. हा फुकट ठेवा, तो फुटका द्या. भंगारच तो."

"अहो, कशाला त्रास घेतलात?" म्हणत मामानं खाटेखालचा टायर काढून त्याच्या हातात दिलासुद्धा! मी स्वयंपाकघरातून ओरडतच धावले.

माझ्याआधी मामी उठली, प्लास्टरसकट. एक पाऊल टाकलं आणि धाडकन पडली.

"काकू, सांभाळून," दुकानदार म्हणाला. टायर काही त्यानं सोडला नाही.

मामानं तिला उचलून खाटेवर बसवलं. ती कळवळत होती, तरी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "अहो, गाडीवरून पडले त्यात तुमची काही चूक नव्हती. आत्ता पडले, ती कोणाची चूक?"

मामा कानापर्यंत लाल झाला.

"ही माझी," तो म्हणाला. मग दुकानदाराकडे वळला. मामाचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"आणि हिचा पाय मोडला, ती तुझी. टायर खाली ठेव."