बोहनीआधीचं इंजेक्शन

दाढ माझी एकटीची सुजली होती, पण झोप मी अख्ख्या घराची उडवली होती.

मी लहान असताना मंगरूळपीरच्या बाजारात रस्त्यावर बसून दात काढणारा एक माणूस असायचा. त्याने पकडीने आईची दाढ उपटली, तेव्हा तिने माझा हात इतका आवळला की माझ्या बांगड्या फुटल्या. तोंडातून मात्र हूं नाही की चूं नाही. तेव्हापासून दाताचं नाव काढलं की मला कापरं भरायचं.

माझी दाढ सुजली ते पंचाहत्तर-शहात्तर साल असेल, मी मॅट्रिकला होते. बाजाराच्या दिवशी अकोल्याहून दातांचे डॉक्टर येऊन आमच्या किराणा दुकानासमोरच्या खोलीत बसायचे. आईने मला तिथे ओढत नेलं. मी खुर्चीत बसेना.

"सुन्न करायचं इंजेक्शन आहे, काही कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्याचे पैसे वेगळे, आणि आधी."

आईचा चेहरा उतरला. दुकान नुकतंच उघडलं होतं. पहिलं गिऱ्हाईक येऊन बोहनी झाल्याशिवाय गल्ल्यातून पैसा बाहेर काढायचा नाही, हा बाबांचा नेम. एकदा त्यापायी पाहुणे बिनदुधाचा चहा पिऊन गेले होते! तरी आई खोलीच्या दारातूनच समोर दुकानातल्या बाबांना म्हणाली, "पोरगी लय भिऊन राह्यली. इंजेक्शनाचे पैसे येगळे पडतात म्हनते."

बाबांच्या हातात उदबत्ती होती. "त्यानं दुखत नाई?"

"नाई म्हनते."

त्यांनी गल्ला उघडला. शेजारचा कापडवाला उठूनच उभा राहिला. "शेठ, बोहनी व्हायची हाये ना!"

"होईन. दाढ पोरीची हाये, दुकानाची नाई."

रस्ता ओलांडून त्यांनी पैसे डॉक्टरांच्या हातावर ठेवले. भाव केला नाही. माझे बाबा आणि भाव केला नाही! मी भीती विसरून त्यांच्याकडे बघतच राहिले.

सुई टोचली, मग गाल जड झाला आणि हळूहळू नाहीसाच झाला. डोक्यात कडकड वाजलं, पण दुखलं नाही. ताटलीत दाढ दिसली तरी ती माझीच आहे हे मला पटेना. जगात असंही काही असतं, याचंच मला नवल वाटत होतं.

दुकानाच्या पायरीवर आईने माझ्या गालाला चिमटा काढून पाहिला.

"खरंच काई नाई समजलं?"

मी वाकड्या तोंडाने नाही म्हटलं. आईने हात काढून घेतला, आपल्या गालावर ठेवला, आणि तशीच बसून राहिली.