खंडेनवमीचा कोहळा

परवा भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी टिंगटिंग करायला लागली, तशी सत्तरच्या दशकातली आमच्या कारखान्यातली खंडेनवमी आठवली. यंत्रांच्या पूजेसाठी पिंपरीच्या बाजारातून आम्ही कोहळा आणला होता, तोही गोऱ्या साहेबांच्या परदेशी गाडीतून. मागच्या सीटवर झेंडूच्या वासात बुडालेला मी, पुढे ड्रायव्हरशेजारी तो भलाथोरला कोहळा. चावी फिरवताच गाडी कोकलू लागली. "तिला वाटतंय मानूस बसलाय, पट्टा मागतीय," म्हणत ड्रायव्हरनं कोहळ्याला पट्टा बांधला आणि गाडी गप्प झाली. स्वतःचा पट्टा मात्र त्यानं कायमचा अडकवून पाठीमागं टाकलेला. "अहो, तुम्हीही लावा की," मी म्हटलं. "पट्टा मशिनीला, न्हाईतर कुत्र्याला. आमी काय पळून चाललोय व्हय?" तेवढ्यात म्हैस आडवी आली, त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि त्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. कोहळा जागचा हलला नाही. पूजा झाली, तो फोडायला आम्ही वर उचलला, तेव्हा टेंगूळ चोळत ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "आता त्यो कशाला फोडताय सायेब? फुटायचं त्ये वाटंतच फुटलंय!"